हेडलाइट मिचमिचतात, दोष बल्बचा की अल्टरनेटरचा?

प्रश्न : आमची नऊ वर्षांची पेट्रोल हॅचबॅक आहे आणि आम्ही चिपळूणला राहतो. गेल्या पावसाळ्यापासून रात्री दोन्ही हेडलाइट मिचमिचू लागले. गाडी खड्ड्यात आदळली की ते क्षणभर मंद होत. गॅरेजमध्ये मूळ बल्ब काढून ९०/१०० वॅटचे बल्ब बसवून दिले. चार दिवस बरे गेले. आता उजवा दिवा अधिकच मिचमिचतो आणि बॉनेट उघडल्यावर जळका वास येतो. अल्टरनेटर (इंजिनाच्या जोरावर वीज तयार करून बॅटरी चार्ज करणारा भाग) बदलावा लागेल, असे सांगण्यात आले आहे. एवढा खर्च करण्यापूर्वी काय तपासावे?

उत्तर : जळका वास येत असल्यामुळे, दुरुस्ती होईपर्यंत कृपया ही गाडी रात्री चालवू नये. आपल्या पत्रावरून मला येथे दोन वेगवेगळे दोष दिसतात. पहिला दोन्ही दिव्यांना समान असलेला जुना दोष, आणि दुसरा दोष बल्ब बदलल्यानंतर उजव्या बाजूला नव्याने ओढवून घेतलेला.

दुसरा दोष आधी पाहू. अशा गाड्यांत बहुधा ६०/५५ वॅटचा एच-४ बल्ब असतो. डिपरवर (खाली झुकलेल्या झोतावर) प्रत्येकी ५५, असे दोन्ही बल्ब मिळून ११० वॅट, म्हणजे १२ व्होल्टला सुमारे ९ अँपिअर प्रवाह घेतात. नवे बल्ब तेथेच प्रत्येकी ९० वॅटने १५ अँपिअर घेतात. सांध्यातील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने होल्डरच्या पिना अडीच पटींहून अधिक तापतात, पिनांची पकड सैल होते, सैल पिन आणखी तापते, आणि शेवटी प्लास्टिक वितळते. उजव्या बल्बचा होल्डर काढून पाहिल्यास तो तपकिरी किंवा काळा पडलेला आढळण्याची दाट शक्यता आहे. तसे असल्यास होल्डर आणि त्याला जोडलेला कडक झालेला वायरचा तुकडा नवा घालावा, आणि बल्ब मूळ वॅटचेच बसवावेत. बल्बच्या काचेला बोटे लावू नयेत, कारण तेलकट डाग पडलेली जागा अधिक तापून बल्ब लवकर जातो.

आता मूळ दुखणे. खड्ड्यात आदळल्यावर दोन्ही दिवे एकाच वेळी मंद होत असतील, तर दोन्ही बल्ब एकाच दिवशी बिघडले असे मानण्यापेक्षा एखादी सामायिक जोडणी सैल किंवा गंजलेली आहे, असे मानणे शहाणपणाचे. कोकणातील दमट हवेत मला पहिला संशय येतो तो बॅटरीच्या टर्मिनलांचा आणि बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीला व इंजिनाला जाणाऱ्या अर्थिंगच्या पट्ट्यांचा. इंजिन बंद करून टर्मिनल हाताने हलवून पाहावे. ते जराही फिरता कामा नये. साफ करताना निगेटिव्ह आधी काढावे आणि शेवटी लावावे. पॉलिश पेपरने धातू चकचकीत करून, जोडणी घट्ट आवळून मग वरून पेट्रोलियम जेली लावावी. अर्थिंगचा बोल्ट बाहेरून ठीक दिसला तरी तो सोडवून खालचा रंग आणि गंज खरवडावा. माझ्या अनुभवात नेमके हेच काम टाळले जाते.

व्होल्टेज मोजणारा एक साधा मल्टिमीटर येथे अंदाजापेक्षा अधिक उपयोगी पडतो. इंजिन आणि हेडलाइट चालू ठेवून एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरा होल्डरच्या अर्थिंगच्या पिनेवर धरावा. आकडा ०.२ व्होल्टच्या आत असावा. अर्धा व्होल्ट आला तर अर्थिंग खराब समजावे. हा अर्धा व्होल्ट क्षुल्लक वाटतो, परंतु हॅलोजन बल्बचा व्होल्टेज १० टक्क्यांनी घटला तर प्रकाश जवळपास ३० टक्क्यांनी घटतो. अर्थिंग ठीक निघाले, पण स्टिअरिंगजवळची डिपरची दांडी हलवल्यावर दिवे मिचमिचले, तर दोष त्या कॉम्बिनेशन स्विचचा.

अल्टरनेटरची पाळी यानंतर येते. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट, आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ व्होल्ट दाखवते. काही गाड्यांत चार्जिंग संगणकाच्या ताब्यात असल्याने आकडा थोडा खालीवर होतो. दिवे आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू असताना) मंद आणि रेस दिल्यावर प्रखर होत असतील, तर आधी अल्टरनेटर फिरवणाऱ्या बेल्टचा ताण पाहावा. चार्जिंग खरोखरच अस्थिर निघाले, तरी अनेकदा अल्टरनेटरमधला रेग्युलेटर, कार्बन ब्रश किंवा डायोड प्लेट बदलून भागते. मात्र चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढून अल्टरनेटर तपासण्याची जुनी रीत कोणालाही आपल्या गाडीवर करू देऊ नये; व्होल्टेज एकाएकी उसळून संगणक जळू शकतो.

प्रश्न : हॅलोजन काढून एलईडी बल्ब बसवल्यापासून दिवे सतत फडफडतात. वायरिंग तर नवे आहे. (पुणे)

उत्तर : काही गाड्यांचा संगणक दिव्यांना सलग वीज न देता वेगाने चालू-बंद होणाऱ्या स्पंदांत देतो. हॅलोजनची तार तेवढ्या वेळात थंड होत नाही, एलईडी मात्र प्रत्येक स्पंदाला विझतो. आपल्या मॉडेलला जुळणारा डीकोडर (हे स्पंद सलग करणारी जोडणी) लावल्यास फडफड थांबू शकते. परंतु हॅलोजनसाठी घडवलेल्या परावर्तकात एलईडीचा झोत विस्कटतो आणि समोरच्या चालकाचे डोळे दिपतात, म्हणून मी आपल्याला जुने बल्बच परत बसवण्यास सुचवेन.