थकलेल्या भाड्यासाठी अर्ज कराल, तेव्हा पोच घ्याच

झोपडी रिकामी करून दिली, पुनर्वसनाची इमारत जोत्यावरच थांबली आणि विकासकाने नवे घर मिळेपर्यंतचे भाडे देणे बंद केले, हे आपण लिहिलेले वाचून राहवले नाही. कुर्ल्यात आमच्या झोपडीधारकांच्या संस्थेवरही हीच वेळ आली होती. पात्रता, परिशिष्ट-२ (पात्र झोपडीधारकांची यादी) वगैरे आपल्याला ठाऊक असेलच, म्हणून त्यात शिरत नाही.

विकासकापेक्षाही आमचे अधिक नुकसान एका सरकारी कार्यालयाने केले. ‘हा तुमचा आणि विकासकाचा करार आहे,’ एवढे सांगून तेथील लिपिक अर्ज ठेवून घेत, पोच मात्र देत नसत. पुढे सुनावणीत रहिवाशांची लेखी तक्रारच नाही, अशी नोंद झाली आणि तोपर्यंत कित्येक कुटुंबे भाडे परवडेना म्हणून गावी निघून गेली. त्यामुळे दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. अर्जासोबत घरटी थकबाकीचा तक्ता जोडा. काम रखडवणाऱ्या विकासकाला झोपडपट्टी कायद्याच्या कलम १३(२) खाली काढता येते. मी वकील नाही, तेव्हा हे जाणकाराकडून तपासून घ्या.

माझ्या मते खरा दोष रचनेत आहे. १९९५ पासून मुंबईने झोपडीधारकांच्या मोफत घरांचा खर्च विकासक बाजारात विकतो त्या सदनिकांवर टाकला आहे, त्यामुळे बाजार मंदावला की काम थांबते आणि त्याची झळ भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला बसते. दोन वर्षांचे भाडे विकासकाने आगाऊ भरावे, हा २०२३ चा नियम स्वागतार्हच आहे, परंतु आधीच रखडलेल्या योजनांतील लोकांचे भाडे झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाने स्वतः देऊन ते विकासकाकडून वसूल करावे, असे मला ठामपणे वाटते.

घर मिळाले तरी ते राहण्याजोगे असले पाहिजे. गोवंडीचे नटवर पारेख आणि मानखुर्दचे लल्लूभाई कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींमध्ये इमारतींत जेमतेम तीन मीटर अंतर आहे. खालच्या मजल्यांवर ऊन पोहोचत नाही आणि तेथे क्षयरोगाचे प्रमाण अधिक असल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आढळले. तीनशे चौरस फुटांच्या घरात खिडकी उघडून समोर भिंतच दिसणार असेल, तर त्याला चांगले घर कसे म्हणावे? म्हणून भाड्याच्या अर्जाबरोबरच मंजूर नकाशाची प्रत माहितीच्या अधिकारात मागवा आणि दोन इमारतींमधील अंतर स्वतः पाहा, कारण जोत्यावर असताना घेतलेल्या हरकतीचा उपयोग होऊ शकतो, स्लॅब पडल्यावर नाही.