साक्षीची नक्कल काढायची आहे? आधी अपिलाची मुदत बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तासगावच्या दिवाणी कोर्टात वडिलांचा वाटपाचा दावा फेटाळला गेला, आता अपील करायचं आहे, आणि सुनावणीत साक्षीदार, वकील आणि न्यायाधीश जे बोलले ते शब्दशः टाईप केलेलं हवं आहे. सुप्रीम कोर्टाच्या संकेतस्थळावर तसं वाचायला मिळतं, मग आपल्याला का नाही? साताऱ्यात वकिलांच्या ऑफिसात नकला काढण्याचं काम मी बरीच वर्षं केलं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट मुदतीची, कारण ती हातची जाऊ शकते. अपील जिल्हा न्यायालयात असेल तर ३० दिवस, उच्च न्यायालयात असेल तर ९०. नक्कल मिळायला लागलेला वेळ मुदत कायद्याच्या कलम १२ प्रमाणे वजा होतो, पण फक्त निकालाच्या आणि हुकूमनाम्याच्या (डिक्रीच्या) नकलेचा. साक्षींच्या नकलेसाठी थांबलात तर ते दिवस तुमच्या खात्यावर पडतात. निकालाची नक्कल तयार होऊन पडली आणि तुम्ही आणायला उशिरा गेलात, तर तेही दिवस वजा होत नाहीत. नकलेवर अर्जाची, तयार झाल्याची आणि दिल्याची तारीख असते, त्यावरच हिशोब होतो. तेव्हा निकाल आणि हुकूमनामा घेऊन अपील आधी दाखल करा. खालच्या कोर्टाचं मूळ रेकॉर्ड अपिलात मागवलं जातंच. साक्षींच्या नकला वकिलांना अभ्यासाला लागतात, त्या मागून आल्या तरी चालतं.

आता शब्दशः प्रतीबद्दल. तुम्ही म्हणता तशी प्रत खालच्या कोर्टात तयारच होत नाही. वकिलांचा युक्तिवाद कोणी टाईप करत नाही. रोजनाम्यात त्या दिवशी काय कामकाज झालं एवढीच नोंद पडते. दिवाणी दाव्यात सरतपास, म्हणजे साक्षीदाराने आपल्या बाजूने दिलेली मूळ साक्ष, २००२ च्या दुरुस्तीपासून शपथपत्रावर होतो. राहिला उलटतपास. तो न्यायाधीश ऐकतात, स्टेनोला सांगतात आणि स्टेनो टाईप करतो, तोही सहसा प्रश्नोत्तरांत नाही तर सलग निवेदनात. प्रतिवादीच्या वकिलांनी विचारलं, “रान १० वर्षं आमच्याकडंच आहे ना?” तुमचे वडील म्हणाले, “व्हय, पण वाट्यानं दिलंय.” कागदावर येऊ शकतं, “हे खरे आहे की वादग्रस्त मिळकत १० वर्षांपासून प्रतिवादीच्या ताब्यात आहे.” वाट्यानं म्हणजे पिकाचा हिस्सा घेऊन कसायला दिलेलं; हा शब्द गळाला की कब्जाचा मुद्दाच फिरला. अपिलात न्यायाधीशांसमोर वडिलांचा आवाज नसतो, हेच वाक्य असतं.

म्हणून सगळा जोर साक्षीच्या दिवशी लावायचा असतो. एखाद्या प्रश्नाचं मोल मोठं असेल तर तो प्रश्न आणि उत्तर जसंच्या तसं घ्यावं अशी विनंती तुमचे वकील करू शकतात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर १८ मध्ये तशी तरतूद आहे. साक्षीखाली सही करण्याआधी ती पूर्ण वाचायची, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगायचं. फौजदारी खटल्यात तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३१३ नुसार साक्ष वाचून दाखवणं हे कोर्टाचं कामच आहे. साक्षीदाराने हरकत घेतली आणि न्यायाधीशांनी दुरुस्ती केली नाही, तरी त्या हरकतीची नोंद ते ठेवू शकतात. गावाकडची माणसं घाईत, बावरून सही करतात, हे पाहून मला फार वाईट वाटायचं.

नकलेची रीत सोपी आहे. दावा क्रमांक किंवा १६ अक्षरी सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाचा वेगळा ओळख क्रमांक) घ्या. वकिलांकडून निशाणी क्रमांक, म्हणजे दाव्यातल्या कागदाला कोर्टाने दिलेला नंबर, लिहून घ्या: कुठल्या साक्षीदाराची साक्ष कुठल्या निशाणीवर, ते. ‘सर्व कागद’ असं लिहू नका. नक्कल विभागात कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज द्या आणि पुढे लागेल तो खर्च लगेच भरा. प्रकरण रेकॉर्ड रूमला गेलं असेल तर वेळ जास्त लागतो. तुम्ही पक्षकार असल्याने हक्काने मिळते. त्रयस्थाला कारण दाखवून परवानगी घ्यावी लागते. ई-कोर्ट्स या कोर्टांच्या संकेतस्थळावर निकाल फुकट उतरवता येतो, पण ती सही-शिक्क्याची नक्कल नव्हे. माहिती अधिकाराचा अर्ज करत बसू नका. कोर्टाच्या नकला कोर्टाच्या नियमांनीच घ्यायच्या, असं सुप्रीम कोर्टाने मार्च २०२० मध्येच सांगितलं आहे.

सुप्रीम कोर्टात जे दिसतं ते २१ फेब्रुवारी २०२३ पासूनचं, आणि सुरुवात आपल्याच महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षाच्या घटनापीठापुढच्या सुनावणीने झाली. तिथे एआयने टाईप होतात ते वकिलांचे इंग्रजी युक्तिवाद. आपल्याला हवी आहे साक्ष, मराठीत, माणदेशी आणि कृष्णाकाठच्या बोलीत. केरळने साक्ष नोंदवण्यासाठी खालच्या कोर्टांत १ नोव्हेंबर २०२५ पासून असं यंत्र सक्तीचं केलं आहे. आपल्याकडेही कायदा आडवा येत नाही. ऑर्डर १८ मध्ये यांत्रिक नोंदीची मुभा आहे, आणि नव्या फौजदारी संहितेत आरोपीच्या वकिलासमक्ष ध्वनिचित्र नोंद घेता येते. पैशाचीही अडचण नसावी: कोर्टांच्या संगणकीकरणाच्या ई-कोर्ट्स योजनेच्या तिसऱ्या टप्प्याला केंद्राने २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर केले.

माझी मागणी एकच आहे: यंत्र आणा, पण मूळ आवाज जपून ठेवा आणि पक्षकाराला तो अर्ज करून ऐकता येऊ द्या. यंत्रही ‘वाट्यानं’ गाळू शकतं. आवाज असेल तर निदान ताडून बघता येईल.

पुढे उच्च न्यायालयात दुसऱ्या अपिलाची वेळ आलीच, तर सांगली-साताऱ्याच्या लोकांना आता मुंबई गाठायला नको. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू आहे. तिथेही वकील पहिल्यांदा याच साक्षींच्या नकला मागतील, म्हणून आत्ता काढाल त्यांचा एक संच घरी ठेवा.