व्हायरस कमी झाला तरी पेशंट का बिघडतो?

तुमचा प्रश्न असा की व्हायरस कमी होत असताना काही पेशंट उलट जास्त सिरीयस का होतात, पेशी नक्की मारतं कोण. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो, डॉक्टर नाही, त्यामुळे कोणतं औषध घेऊ हे विचारू नका, बाकी जेवढं माहितीय तेवढं सांगतो.

कोविडच्या वेळी आमच्याकडे एलडीएचच्या टेस्टचा नुसता पाऊस पडायचा. एलडीएच हे पेशीच्या आतलं एन्झाइम, ते रक्तात खूप वाढलं म्हणजे कुठेतरी पेशी फुटतायत. (सॅम्पल जोरात हलवलं तरी लाल पेशी ट्यूबमध्येच फुटून आकडा उगाच चढतो, मग सीरम गुलाबी दिसलं की आम्ही परत रक्त मागवतो आणि नर्सच्या शिव्या खातो.) पण सीरम छान पिवळं, स्वच्छ आणि एलडीएच तरी तिप्पट, असं दिसलं की समजायचं, ही फोडाफोड शरीरातच चाललीय.

यातल्या काही पेशी व्हायरस मारतो हे खरं, पण सगळ्या नाही. व्हायरस घुसला की पेशी धोक्याचे सिग्नल सोडतात, तेच सायटोकाइन, आणि ज्या पेशीत व्हायरस आहे तिने स्वतःच मरून त्याचा कारखाना बंद पाडायचा ही मुळात चांगलीच सोय आहे. घोटाळा होतो तो सिग्नल थांबतच नाहीत तेव्हा.

यावर २०२१ साली तिरुमला-देवी कन्नेगंटी या शास्त्रज्ञ बाईंच्या टीमचं काम आलं, मला ते फार आवडलं. कोविडमध्ये वाढणारी सायटोकाइन त्यांनी उंदराच्या मॅक्रोफेज पेशींवर (जंतू गिळणाऱ्या प्रतिकारक पेशी) टाकून बघितली, तर एकेकट्याने फारसं काही होईना, पण टीएनएफ आणि इंटरफेरॉन गॅमा ही दोन सायटोकाइन एकत्र टाकली की पेशी धडाधड मरायला लागल्या. गंमत म्हणजे तिथे व्हायरस नव्हताच! हे दोघं मिळून पेशीत नायट्रिक ऑक्साइड तयार करायला लावतात आणि त्यातून मरणाची यंत्रणा चालू होते. उंदरांना दोन्ही टोचले तर उंदीर मेले, आणि कोविडचा व्हायरस दिलेल्या उंदरांमध्ये अँटिबॉडी देऊन दोन्ही अडवले तर बरेचसे वाचले.

शिवाय पेशी कशी मरते यावरही खूप अवलंबून असतं. अपॉप्टोसिसमध्ये ती गुपचूप आवराआवर करून जाते, शेजाऱ्याला पत्ता नाही. पायरॉप्टोसिसमध्ये गॅसडर्मिन डी नावाचं प्रोटीन तिच्या आवरणाला भोकं पाडतं, ती फुगते, फुटते, आतला सगळा माल बाहेर, त्यात आमचं ते एलडीएचपण आलं, आणि तो सांडलेला माल बघून शेजारच्या पेशी अजून बोंब मारतात, म्हणजे अजून सायटोकाइन, अजून मरण.

म्हणूनच डेक्सामेथासोन, म्हणजे शरीराची ही प्रतिकाराची आरडाओरड शांत करणारं स्टेरॉइड, कामी आलं. २०२० च्या ‘रिकव्हरी’ नावाच्या औषध-चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमधले २८ दिवसांतले मृत्यू सुमारे ४१ टक्क्यांवरून २९ वर आले, आणि ज्यांना ऑक्सिजनही लागत नव्हता त्यांना मात्र काहीच फायदा दिसला नाही. लढाई चालू असताना आपलेच सैनिक झोपवले तर दुसरं काय होणार.

मग टीएनएफ सरळ बंदच का करू नये, असं कोणीतरी विचारेलच. संधिवातासाठी टीएनएफ अडवणारी औषधं आहेतच, पण ती सुरू करायच्या आधी पेशंटची टीबीची टेस्ट करून घेतात, कारण शरीरात दबून बसलेल्या टीबीला दाबून ठेवण्याचं कामही हाच टीएनएफ करत असतो.