जुन्या एक्सपी संगणकावर जहाजांच्या सिग्नल झेंड्यांचा स्क्रीन सेव्हर कसा बसवायचा?

तुमचा प्रश्न असा आहे: लातूरच्या अभ्यासिकेत विंडोज एक्सपीचा संगणक, मर्चंट नेव्हीची तयारी करणारी मुलं, आणि पेन ड्राइव्हवरून बसवलेला झेंड्यांचा सेव्हर पेन ड्राइव्ह काढला की गायब.

फाइलवर राइट क्लिक करून ‘इन्स्टॉल’ केलं तरी एक्सपी ती फाइल कॉपी करून घेत नाही. ती सध्या कुठे आहे, तेवढा पत्ता रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, लिहून ठेवते. पत्ता पेन ड्राइव्हचा आणि पेन ड्राइव्ह तुमच्या खिशात, मग चालणार कसं?

ॲडमिनिस्ट्रेटर खात्यात शिरा, लिमिटेड खात्यातून हे होणार नाही. झिप असेल तर आधी मोकळी करा. मग एससीआर फाइल (सेव्हरची, जिच्या नावाशेवटी .scr असतं ती) सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमधल्या सिस्टीम३२ मध्ये टाका. सोबत डीएलएल (प्रोग्रॅमला लागणाऱ्या जोडफाइली) किंवा चित्रं आली असतील तर तीही तिथेच. डेस्कटॉपवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, स्क्रीन सेव्हर. यादीत नाव येईल, ते निवडा, ‘वेट’ ५ मिनिटं ठेवा, अप्लाय करा.

पण आधी एक तपासा. एससीआर म्हणजे चित्र नव्हे, तो पूर्ण प्रोग्रॅम असतो आणि व्हायरस त्यातून सहज येतो. फोल्डर ऑप्शन्समध्ये एक्स्टेन्शन (फाइलच्या नावाचं शेपूट) लपवण्याची टिक काढा. नाव ‘फ्लॅग्ज.जेपीजी.एससीआर’ असं दुहेरी निघालं तर फाइल सरळ उडवा.

‘एमएसव्हीबीव्हीएम५०.डीएलएल सापडत नाही’ असा संदेश आला तर व्हिज्युअल बेसिक ५ चा रनटाइम, म्हणजे त्या भाषेतले प्रोग्रॅम चालवणाऱ्या फाइली, लागेल; ६ चा एक्सपीत आधीच असतो. सेव्हर सुरूच होत नसेल तर पॉवर ऑप्शन्स बघा. मॉनिटर ५ मिनिटांत बंद आणि सेव्हर १० मिनिटांनी, असं असेल तर तो कधीच दिसणार नाही. लागून लगेच जात असेल तर माऊस उलटा करून टेबलावर ठेवा. चकचकीत सनमायकावर ऑप्टिकल माऊसचा बाण आपोआप थरथरतो. आणि झेंडे अडखळत फडकत असतील तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये व्हिडिओ कंट्रोलरवर पिवळं चिन्ह आहे का पाहा. फॉरमॅट मारल्यावर डिस्प्ले ड्रायव्हर टाकायचा राहतो, हे नेहमीचंच.

खरं सांगायचं तर अभ्यासासाठी मी तयार सेव्हरच्या नादी लागणार नाही. एक्सपीतला ‘माय पिक्चर्स स्लाइडशो’ पुरतो. जहाजांच्या आंतरराष्ट्रीय संकेतसंहितेच्या संचात ४० नग असतात: २६ अक्षरांचे झेंडे, १० अंकांचे निमुळते पेनंट, ३ सब्स्टिट्यूट (वरचाच झेंडा पुन्हा आहे असं सांगणारे) आणि १ आन्सरिंग पेनंट (उत्तरादाखल लावायचा). विकिमीडिया कॉमन्सवर सगळे मिळतात, पण बहुतेक एसव्हीजी नावाच्या वेगळ्या चित्रप्रकारात. ते नव्या संगणकावर १०२४ बाय ७६८ च्या जेपीजीत करून आणा.

पार्श्वभूमी करडी ठेवा. पांढरी ठेवली तर ‘ए’ आणि ‘एच’चा अर्धा भाग विरून जातो, काळी ठेवली तर ‘एल’चे दोन चौकोन. ‘ए’ आणि ‘बी’ला टोकाकडे खाच असते, चित्र कापताना ती जाऊ देऊ नका. झेंड्याखाली अक्षर आणि अर्थ मोठ्या टायपात लिहा: ‘ए’ आमचा डायव्हर पाण्याखाली आहे, लांब राहून सावकाश जा, ‘एच’ जहाजावर पायलट (वाट दाखवणारा जाणकार) आहे, ‘ओ’ माणूस पाण्यात पडला, ‘क्यू’ जहाज निरोगी आहे, बंदरात मोकळीक द्या. मग सेव्हरच्या सेटिंग्जमध्ये ही चित्रं ठेवलेला फोल्डर निवडा.

तयार सेव्हर हवाच असेल तर त्यात अंकांचे चौकोनी झेंडे आहेत का, तेवढं बघून घ्या. ते अमेरिकन नौदल आणि नाटोच्या संचातले. तिथे चौथा सब्स्टिट्यूटही असतो. व्यापारी जहाजांच्या परीक्षेला तो संच चालत नाही.