आकडा 20 चा आणि पडतंय 14: दापोलीच्या रस्त्यांवरचा हिशोब

तुमची 1.2 लिटर पेट्रोल गाडी, चाललीय जेमतेम 1,800 किलोमीटर. कंपनीचा अ‍ॅव्हरेजचा आकडा लिटरला 20 किलोमीटर, दापोली-हर्णै-खेड या फेऱ्यांत पडतंय 14, आणि सर्व्हिस सेंटरवाले "नॉर्मल आहे" म्हणून परत पाठवतात. यातला बराचसा फरक खरोखर नॉर्मल आहे. पण सगळाच असेल असं धरून चालू नका.

तो 20 रस्त्यावर मोजलेला नसतो. गाडी रोलरवर चढवून, एसी बंद ठेवून, सपाट रस्त्याच्या हिशोबाने साधारण 20 मिनिटांत साडेदहा किलोमीटर चालवतात. सरासरी वेग ताशी 32 च्या आसपास, कमाल 90. दोन गाड्यांची तुलना करायला हा आकडा चांगला, कारण परीक्षा सगळ्यांना एकच. तुमच्या रस्त्याबद्दल मात्र तो काही सांगत नाही.

आणि तुमचा रस्ता म्हणजे चढउतार. दापोली समुद्रसपाटीपासून 200 मीटरपेक्षा उंच, हर्णै बंदर अगदी पाण्याला लागून. माणसांसकट 1,200 किलोची गाडी 200 मीटर वर न्यायला, इंजिनाची कार्यक्षमता धरली तर, पाव लिटरच्या वर पेट्रोल केवळ उंचीसाठी जातं. येऊन-जाऊन तीसेक किलोमीटरच्या फेरीत हे फार मोठं आहे. उतारावर त्यातलं थोडंच परत मिळतं, कारण प्रत्येक वळणावर ब्रेक लागतो. जे मिळतं तेही लोक न्यूट्रल करून घालवतात. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणारे नोझल, पेट्रोल बंद करतात. न्यूट्रलमध्ये इंजिन आयडलिंगला पेट्रोल पीत राहतं आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ज्या गिअरमध्ये चढलात, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा.

बाकीची कारणं थोडक्यात. पावसाळ्यात काच धुरकटते म्हणून एसी चालूच राहतो. बाजारापुरत्या दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन थंडच असतं आणि थंड इंजिनाला जास्त पेट्रोल लागतं. दाभोळ जेट्टीवर फेरीबोटीची वाट बघताना एसीसाठी इंजिन चालू ठेवलं की तेवढा वेळ अ‍ॅव्हरेज शून्य. ई-20 पेट्रोलमध्ये (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं) शुद्ध पेट्रोलपेक्षा लिटरमागे 6-7 टक्के ऊर्जा कमी असते. शिवाय नवं इंजिन मोकळं व्हायला काही हजार किलोमीटर जावे लागतात.

आता दोष शोधायचा कसा? आधी मोजणी नीट करा, डॅशबोर्डवरच्या आकड्यावर जाऊ नका. एकाच पंपावर पहिल्या ऑटो-कटला (नोझल आपोआप बंद होतं तिथे) थांबा, ट्रिप मीटर शून्य करा, 300-400 किलोमीटर चालवा, पुन्हा तिथेच पहिल्या कटपर्यंत भरा. 412 किलोमीटरला 27.3 लिटर बसलं तर 15.1. असं तीनदा करा. एका टाकीवरून काहीच ठरत नाही.

टायरमधली हवा सकाळी, गाडी थंड असताना बघा, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरप्रमाणे. गाडी चालवून पंपावर गेलात तर 3-4 पीएसआय जास्त दिसतात आणि तिथला मुलगा हवा सोडून देतो.

सगळ्यात महत्त्वाचं ब्रेक. खाऱ्या, दमट हवेत कॅलिपरच्या (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणारा भाग) पिना गंजून अडकतात, गाडी नवी असली तरी. सपाट रस्त्यावर, ब्रेक कमीत कमी वापरून दहा किलोमीटर चालवा, थांबल्यावर चारही रिम्सजवळ हात न्या, टेकवू नका. पुढच्या जोडीत किंवा मागच्या जोडीत एक चाक दुसऱ्यापेक्षा स्पष्ट गरम लागलं तर ब्रेक धरतोय. पावसात रात्रभर हँडब्रेक ओढून ठेवला तर मागचे लायनर ड्रमला चिकटतात. त्यापेक्षा सपाट जागी गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा.

5,000 किलोमीटरनंतर मुंबई-गोवा महामार्गावर 70-80 च्या स्थिर वेगात टाकी ते टाकी 16 सुद्धा पडत नसेल, तर "अ‍ॅव्हरेज कमी" एवढीच तक्रार देऊ नका. जॉब कार्डवर तिन्ही मोजण्या लिहा आणि तीन कामं नावानिशी मागा: चारही चाकं उचलून हाताने फिरवून बघणं, अलाइनमेंट, आणि स्कॅनरवर कूलंटचं तापमान व लाँग टर्म फ्युएल ट्रिम (गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोलच्या प्रमाणात कायम करत असलेली दुरुस्ती). अर्ध्या तासाच्या ड्राइव्हनंतरही तापमान 70 च्या खाली राहत असेल तर थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवून धरणारी झडप) उघडाच अडकलाय. ट्रिम अधिक किंवा उणे 10 टक्क्यांच्या पलीकडे असेल तर सेन्सर, इंजेक्टर किंवा हवेची गळती तपासावी लागेल, आणि ते काम वॉरंटीत मागा.