सायटेशनच्या आकड्यांविषयी एका संशोधक विद्यार्थिनीस

विश्रामबाग, सांगली

चि. मुलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पीएच.डी.च्या चौथ्या वर्षी तुझा एच-इंडेक्स 3 आणि शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या सहकाऱ्याचा 9, या तुलनेने तुझी झोप उडाली आहे, हे तुझ्या पत्रातून कळले. ‘आकड्यांकडे पाहू नकोस’ असे एका ओळीत लिहून मोकळे होणे मला प्रामाणिक वाटले नाही, म्हणून उत्तराला दोन दिवस लागले. निवड समित्या ते आकडे पाहतात आणि तुला नोकरी हवी आहे.

जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 साली सुचवलेल्या या मोजमापात, ज्याच्या 9 शोधनिबंधांना प्रत्येकी किमान 9 सायटेशन (इतर निबंधांनी घेतलेले संदर्भ) मिळाली आहेत, त्याचा एच-इंडेक्स 9 होतो. तो कधी खाली येत नाही, आणि निबंधावर तुझे नाव पहिले आहे की बारावे, हे त्याला कळत नाही. सहकाऱ्याच्या यादीत समीक्षालेख, म्हणजे आधीच्या संशोधनाचा आढावा घेणारे लेख, किती आहेत, हेही पाहा, कारण प्रयोगांवरच्या निबंधांपेक्षा त्यांना सहसा अधिक सायटेशन मिळतात. इम्पॅक्ट फॅक्टर तर नियतकालिकातल्या लेखांना मिळणाऱ्या सायटेशनची सरासरी सांगतो, आणि ती सरासरी थोड्याच गाजलेल्या लेखांनी वर ओढलेली असते.

आता तुझ्याच विषयातली, प्रतिकारशास्त्रातली, एक हकिकत सांगतो. 1950 च्या दशकात ओहायो स्टेट विद्यापीठात ब्रूस ग्लिक हे तरुण संशोधक, कोंबडीच्या शेपटीखालच्या बर्सा या पिशवीसारख्या अवयवाचे कार्य शोधत होते. त्यांचे सहाध्यायी टिमोथी चँग यांना वर्गात प्रतिपिंडे (जंतूंविरुद्ध शरीर बनवते ती प्रथिने, अँटीबॉडी) दाखवायची होती, म्हणून त्यांनी ग्लिक यांच्याकडून काही कोंबड्या मागून नेल्या. त्यांपैकी ज्यांची बर्सा काढून टाकलेली होती, त्यांच्यात प्रतिपिंडे दिसेनात. वर्गातले प्रात्यक्षिक फसले म्हणून ते दोघे तिथेच थांबले नाहीत, हे मला त्या हकिकतीतले सर्वांत मोलाचे वाटते. ‘सायन्स’ने निबंध परत केला, तो 1956 साली ‘पोल्ट्री सायन्स’मध्ये आला, आणि कुक्कुटपालनाचे ते नियतकालिक प्रतिकारशास्त्रातले लोक क्वचितच उघडत असल्यामुळे त्याकडे बराच काळ फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. पुढे 1965 साली मॅक्स कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोंबड्यांमध्ये थायमस या ग्रंथीवर आणि बर्सावर अवलंबून असलेल्या दोन वेगळ्या पेशीव्यवस्था दाखवल्या. तू रोज मोजतेस त्या, प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी पेशींच्या नावातला ‘बी’ त्या बर्साचाच आहे.

हळदीतील कर्क्युमिनने प्रतिकारशक्ती वाढते, असा एखादा निबंध झटपट लिहावा, या तुझ्या विचाराविषयी मला काळजी वाटते. सांगलीत राहून हळदीबद्दल असे लिहिणे मला जड जाते. इथल्या बाजारपेठेचा मलाही अभिमान आहे. पण कर्क्युमिन स्वतःच हिरवट चमकते, त्यामुळे फ्लो सायटोमेट्रीत, म्हणजे प्रकाश टाकून एकेका पेशीची चमक मोजण्याच्या तंत्रात, पेशींनी दिलेला संकेत आणि त्याची स्वतःची चमक यांची गफलत होऊ शकते, शिवाय ते पाण्यात फारसे विरघळत नाही आणि शरीरात लवकर मोडते. केवळ कर्क्युमिन घातलेला, अँटीबॉडी न लावलेला नमुना तपासल्याशिवाय त्या विषयावर एक ओळही लिहू नकोस. अशा निबंधाला सायटेशन मिळतीलही, पण पुढे कोणी तो प्रयोग पुन्हा करून पाहिला आणि निष्कर्ष टिकला नाही, तर तुझ्या नावावर ती मोजणी तशीच राहील.

मी स्वतः तरुणपणी एकाच कामाचे तीन तुकडे करून तीन निबंध छापले होते. तिन्हींत तुलनेसाठीचा तोच नियंत्रण गट होता आणि एकातही ते सांगितलेले नव्हते. बऱ्याच वर्षांनी एका विद्यार्थ्याने ते तिन्ही शेजारी ठेवून मला विचारले, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि ते मला आजही बोचते.

प्रबंध सादर करण्याआधी निबंध छापण्याची सक्ती विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 च्या नियमावलीत काढली आहे. तुझ्या विद्यापीठाने स्वतःची अट कायम ठेवली आहे का, एवढे कार्यालयात विचारून घे. नसेल, तर चौथा निबंध घाईने पाठवू नकोस. त्यातल्या दुसऱ्या आकृतीत प्रत्येक गटात तीनच उंदीर आहेत आणि तुझा मुख्य दावा त्यावरच उभा आहे. तो प्रयोग पुन्हा कर, उत्तर उलटे आले तरी नोंदवून ठेव, आणि दिवाळीला येशील तेव्हा मूळ आकड्यांची वही घेऊन ये. आपण दोघे बसून पाहू.

तुझा,
सर