दमा असेल अशी शंका आहे, नक्की कोणत्या डॉक्टरला दाखवायचं?

तुम्ही लिहिलंय की पहाटे खोकल्याने जाग येते, जिना चढला की छातीत शिट्टी वाजते, आणि घरात एकजण म्हणतो कान-नाक-घसावाला, दुसरा म्हणतो अ‍ॅलर्जीवाला, तिसरा म्हणतो छातीवाला. छातीवाला. म्हणजे चेस्ट फिजिशियन, पल्मोनॉलॉजिस्ट म्हणतात तोही तोच. पण पाटीवर काय लिहिलंय त्यापेक्षा तो तुम्हाला मशीनमध्ये फुंकायला लावतो की नाही (स्पायरोमेट्री म्हणतात ती टेस्ट) ते बघा. फुंकायला न लावता कायमचं औषध लिहून देणारा आणि फुंकायला न लावताच 'दमाबिमा काही नाही' म्हणणारा, माझ्या लेखी दोघं सारखेच.

एवढं ठासून सांगतोय कारण माझ्या ताईचं अगदी हेच झालं होतं. रात्री उशा लावून बसून झोपायची, सकाळी उठून कामाला लागायची, दिवसा बघाल तर ठणठणीत. आधी अँटिबायोटिक आणि कफ सिरप, मग परत तेच, मग ईएनटीकडे, त्यांनी सांगितलं नाकाचं हाड वाकडं आहे ऑपरेशन करून टाकू (हाड खरंच वाकडं होतं, पण ते अर्ध्या जगाचं असतं). मग छातीचा एक्सरे, तो क्लीन. झालं, आमच्या दाजींना ते कोलीतच मिळालं, 'एक्सरे क्लिअर आहे म्हणजे दमा नाही, टेन्शन घेते ती.' अहो दम्यात एक्सरे बहुतेक वेळा नॉर्मलच येतो, गाडीचा फोटो काढून ब्रेक लागतात का ते कळतं का? एक्सरे काढतात तो दुसरं काही नाही ना हे बघायला.

शेवटी मीच तिला छातीवाल्याकडे नेलं. नाकाला चिमटा, तोंडात नळी, आणि ती टेक्निशियन बाई ओरडतेय 'फुंका फुंका फुंका, सोडू नका, अजून अजून अजून', ताईचा चेहरा लालबुंद, आणि स्क्रीनवरची रेघ वर जाऊन आत खचल्यासारखी खाली येते. मग पंपाचे, म्हणजे इनहेलरचे, चार दम दिले, पंधरा मिनिटं बाहेर बसवलं आणि परत फुंकायला लावलं. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते तो आकडा 1.9 लिटरवरून 2.4 वर गेला. 12 टक्के आणि 200 मिली, दोन्हीपेक्षा जास्त वाढला की नळ्या आवळलेल्या होत्या आणि औषधाने सुटल्या असं धरतात, हिचा पाव पट वाढला. टेन्शन पंधरा मिनिटांत पंपाने जातं का हो दाजी?

पण गंमत म्हणजे तुम्ही बऱ्या दिवशी गेलात तर हीच टेस्ट नॉर्मल येऊ शकते, दमा असूनही. चांगला डॉक्टर तिथे थांबत नाही, घरी पीक फ्लो मीटर (हवा किती जोरात बाहेर पडते ते मोजायची छोटी नळी) देऊन दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ आकडे लिहायला सांगतो, किंवा त्रास असताना परत बोलावतो. हे सगळं तुमचा नेहमीचा फॅमिली डॉक्टर करत असेल तर स्पेशालिस्टचीही गरज नाही, खरंच नाही.

आता पंपाचं, कारण तुमच्याही घरात तो विषय निघणारच. आमच्याकडे 'पंप एकदा लागला की सुटत नाही, शेवटचा उपाय आहे तो' हे ऐकून कान किटले. आणि हेच लोक अटॅक आल्यावर 40 मिलिग्रॅमच्या स्टेरॉइडच्या गोळ्या निमूट आणून देतात! रोजच्या पंपात एका दमात तेच स्टेरॉइड 100-200 मायक्रोग्रॅम असतं, हजार मायक्रोग्रॅमचा एक मिलिग्रॅम होतो, करा हिशोब. पोटातून अंगभर फिरण्याऐवजी औषध थेट नळ्यांत जातं, फक्त नंतर चूळ भरायची, नाहीतर तोंडात पांढरा थर येतो. उलट नुसता तात्पुरता आराम देणारा पंप ओढत बसणं धोक्याचं, 2019 पासून जागतिक गाइडलाइन, ती 'गिना' म्हणतात ती, हेच सांगते की त्यासोबत नळ्यांची सूज कमी करणारं हे स्टेरॉइडचं औषध हवंच.

अ‍ॅलर्जीवाला वाईट नाही, धूळ, मांजर, परागकण असं ठराविक कशाने होत असेल तर नंतर जा. शिंका आणि नाक गळणं जास्त असेल तर ईएनटी पण लागतो, नाक शांत झालं की छातीही बरीच शांत होते. लहान मूल असेल तर बालरोगतज्ज्ञ, पाच वर्षांखालच्यांना नीट फुंकता येत नाही, तिथे वेगळं बघतात. बीपीच्या काही गोळ्यांनी पण कोरडा खोकला येतो, तर चालू असलेल्या सगळ्या गोळ्या दाखवा, स्वतःहून बंद करू नका. पाय सुजत असतील, आडवं झालं की दम लागत असेल तर हृदयही तपासून घ्या. आणि बोलताना वाक्य पुरं होत नाही, ओठ निळसर दिसतायत, असं असेल तर हा प्रश्न विचारत बसू नका, सरळ इमर्जन्सीत जा.

टेस्टला जायच्या आधी निदान चार तास तो लगेच आराम देणारा पंप घ्यायचा नसतो, बारा-चोवीस तास चालणारे त्याहून आधी थांबवतात, ते अपॉइंटमेंट घेतानाच विचारून ठेवा. पण मध्येच दम लागला तर टेस्ट गेली खड्ड्यात, पंप घ्या आणि तारीख बदला.